की-बोर्डच्या पाठीवरचं कुंकू

"नए सिस्टम पर ये पुराना की-बोर्ड नहीं चलेगा." हे वाक्य माझं आहे. आईच्या ऑफिसातल्या बड्या बाबूंच्या, म्हणजे हेडक्लार्कच्या, टेबलासमोर उभी राहून मी ते बोलले, आणि आई माझ्या शेजारीच उभी होती. माझं वय तेव्हा एकोणीस. भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये एका कंप्युटर क्लासात सहा महिन्यांचा डिप्लोमा चालू होता, त्यातले चार महिने झाले होते. चार महिन्यांत माणसाला येते त्यापेक्षा बरीच जास्त अक्कल आपल्याला आली आहे अशी माझी खात्री होती. बड्या बाबूंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बिटिया पढ़ी-लिखी है, ठीक ही कह रही होगी." आईच्या आठ वर्षांच्या खुर्चीचा निकाल तिथंच लागला. तो त्यांनी लावला असं मी पुढे कितीतरी जणांना सांगत फिरले. खरं म्हणजे मी लावला.

खुर्चीचं मोठं काय, असं कुणी म्हणेल. त्यासाठी ती कशी मिळाली ते सांगायला हवं.

बाबा एका सरकारी खात्याच्या वर्कशॉपात फिटर होते. खात्याचं नाव मी सांगत नाही. तिथली निम्मी माणसं आता रिटायर होऊन दुर्ग-भिलाईतच बसली आहेत आणि त्यांच्याशी भांडायची माझी हौस फिटलेली आहे. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाचं. बाबा कामासाठी इकडे आले, मग आईला आणलं, मी इथेच झाले. मी नऊ वर्षांची असताना बाबांना कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ते गेले. खात्याने अनुकंपा म्हणून आईला नोकरी दिली आणि आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर राहू दिलं. आई मॅट्रिक होती. त्या काळात तिच्या माहेरच्या गावात मॅट्रिक झालेली ती एकटी. तिला काम दिलं वर्कशॉपाच्या दफ्तरात पाणी पाजायचं.

सकाळी मटकी, म्हणजे पाण्याचा माठ, घासून भरायची, टेबलाटेबलावर ग्लास ठेवायचे, अकरा आणि चार वाजता चहाचा ट्रे फिरवायचा. सगळे तिला "मराठिन बाई" म्हणत. "मराठिन बाई, पानी." "मराठिन बाई, ये कप उठाओ." बाबा जिवंत असताना यातलेच दोघे-तिघे आमच्याकडे पोह्यांवर ताव मारून जात आणि तिला भाभी म्हणत. माणूस गेल्यावर त्याच्या बायकोचं नातंही लोक किती सहज उचलून ठेवतात ते मी लहानपणीच पाहून घेतलं.

आईने दोन वर्षं ग्लास उचलले आणि त्याच दोन वर्षांत ड्यूटी सुटल्यावर दुर्गला जाऊन हिंदी टायपिंग शिकली. स्टेशनजवळच्या त्या टायपिंगच्या क्लासात तिच्या आजूबाजूला सगळ्या कॉलेजच्या मुली. ती मला कोपऱ्यातल्या बाकावर बसवायची आणि मी गृहपाठ करत करत तो आवाज ऐकायची. आईचं मशीन डोळे मिटूनही ओळखू यायचं. ती बटणं दाबत नव्हती, ठोकत होती. धान कांडलेले हात होते ते. क्लासचे मास्तर म्हणायचे, "धीरे, बाई, धीरे, मशीन भागी नहीं जा रही." आणि वर बघून टाइप करायला तिला कधीच जमलं नाही. अक्षर डोळ्यांनी शोधायचं आणि मग त्याच्यावर बोट मारायचं, अशी तिची रीत. पण शोधायला तिला क्षणसुद्धा लागत नसे. परीक्षा ती पास झाली.

त्याच सुमारास दफ्तरात पहिला कंप्युटर आला. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि त्याच्यासोबत आलेला भलामोठा की-बोर्ड, ज्याच्या बटणांवर इंग्रजी अक्षरांशेजारी देवनागरी अक्षरं छापलेली होती. त्याच्यासाठी एक खोली रिकामी केली, खिडकीला कूलर लावला, दाराशी चपला काढायचा नियम झाला. एवढं सगळं झालं आणि कंप्युटरला हात लावायला कुणी तयार होईना. एकेक बाबू यायचा, देवळात वाकावं तसा वाकून पाहायचा आणि परत जायचा. बिघडलं तर नाव कुणाचं येईल, ही सगळ्यांना धास्ती. शेवटी आई ट्रे घेऊन उभी असताना म्हणाली, "साहब, मैं करके देखूँ?" सगळे हसले. पण नाही कुणीच म्हणालं नाही. बिघडलंच तर पाणी पाजणाऱ्या बाईचं नाव येणार, याहून सोयीचं काय असणार होतं?

महिन्याभरात आई त्या कंप्युटरवर पत्रं, याद्या, सर्क्युलर सगळं काढू लागली. मग साहेबांना लाज वाटली असेल किंवा गरज पडली असेल, तिला टायपिस्ट म्हणून बसवलं. काम टायपिस्टचं, कागदावर हुद्दा मात्र जुनाच; तो बदलायची फाइल वर गेली आहे, असं आठ वर्षं सांगत राहिले. आईला त्याचं काही नव्हतं. तिला खुर्ची मिळाली होती. पहिल्या दिवशी ती घरी आली आणि मला म्हणाली, "आज माह्या टेबलावर दुसऱ्या बाईनं ग्लास ठेवला वो. मले समजेच ना, मी उठू का बसू." हे सांगताना ती हसत होती. तिला तसं हसताना मी बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

तिचा की-बोर्ड व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. टकाटक, टकाटक, मध्येच थांबून एक मोठा ठोका. शाळा सुटल्यावर मी तिथं जायची आणि दारातच कळायचं की आई जागेवर आहे. ती त्याला रोज सकाळी कोरड्या कपड्याने पुसायची, संध्याकाळी शिवलेली खोळ घालायची. तिच्यावाचून त्याला कुणी हात लावलेला तिला चालत नसे.

अशी आठ वर्षं गेली. मग नव्वदीच्या मध्यावर नवी मशिनं आली. रंगीत पडदा, माउस, डॉस जाऊन विंडोज. रायपूरहून एक इंजिनियर टाय लावून आला आणि दोन तासांत सगळं बसवून गेला. प्रत्येक मशीनसोबत नवा की-बोर्ड होता, पातळ, हलका, बटणं लोण्यासारखी मऊ, आणि वर फक्त इंग्रजी अक्षरं. आईने आपली नेहमीची ठोक दिली आणि पडद्यावर एकाच अक्षराच्या रांगा उमटल्या. हळू दाबावं तर अक्षर यायचंच नाही. आणि शोधायचं तरी कुठे? अक्षरं दिसतच नव्हती. मी घरी कागदाच्या चिठ्ठ्या कापून, त्यांवर अक्षरं लिहून, सेलोटेपने बटणांवर चिकटवायला दिल्या. दोन दिवसांत घामाने त्या बोटांना चिकटून येऊ लागल्या. बाबू लोक दात काढत म्हणाले, "मराठिन बाई के हाथ में तो ककहरा चिपका है." ककहरा म्हणजे मुळाक्षरं.

तेवढ्यात बड्या बाबूंचा पुतण्या दफ्तरात घिरट्या घालू लागला. त्याला कंप्युटर येत होतं आणि नोकरी नव्हती. थोड्याच दिवसांत एक कागद निघाला की टायपिंगचं काम करणाऱ्यांची नव्या सिस्टीमवर परीक्षा होईल, जो पास होईल तो त्या जागेवर राहील, नाही तो आपल्या मूळ कामावर परत जाईल. टायपिंगचं काम करणारी दफ्तरात एकच होती. मूळ काम म्हणजे मटकी. आईने तो कागद स्वतःच टाइप केला होता, दोन दिवस लावून, चिकटलेल्या चिठ्ठ्यांवरून.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने चहासुद्धा ठेवला नाही. माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तू त कंप्युटरच शिकून राहिली न वो? मले दुसरं काही नाही पाह्यजे. तेवढा माहा जुना की-बोर्ड त्या नव्या मशिनले लावून दे. बाकी मी पाहून घेईन. तुह्या विंडोजले काय लागते ते मी शिकून घेतलं, फक्त माहे हात त्याच्यावर चालत नाही."

"त्यात काय, लावून देते की," मी म्हणाले. मला तर ते फारच सोपं वाटलं. आईने आजवर माझ्याजवळ काही मागितलंच नव्हतं, आणि मागितलं ते नेमकं मला येणारं. मी त्या संध्याकाळी चक्क गुणगुणत होते.

शनिवारी दफ्तर लवकर सुटायचं. बड्या बाबूंची परवानगी काढून दुपारी आम्ही दोघी त्या खोलीत गेलो, दाराशी चपला काढल्या. आईने जुना की-बोर्ड दोन्ही हातांनी उचलून आणला. त्याच्या वायरीचं टोक नव्या मशीनच्या मागे अगदी बरोबर बसलं. मी आईकडे पाहून मान हलवली. मशीन चालू केलं, की-बोर्डवरचे तिन्ही दिवे एकदा लुकलुकले, आणि पडद्यावर ओळ आली की की-बोर्डमध्ये चूक आहे, पुढे जाण्यासाठी अमुक बटण दाबा. मी ते बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. की-बोर्ड चालत नाही म्हणून तक्रार करायची आणि वर त्याच की-बोर्डचं बटण दाबायला सांगायचं, या शहाणपणावर मी मोठ्याने हसले. आई हसली नाही.

मग मी क्लासात शिकवलेलं सगळं केलं. नवा की-बोर्ड लावून आतल्या सेटिंगमध्ये गेले, ती तपासणी बंद केली, मशीन बंद करून पुन्हा जुना लावला. आता विंडोज आलं, माउसचा बाण फिरू लागला, पण आईने कितीही ठोकलं तरी एक अक्षर उमटेना. ड्रायव्हर काढून परत टाकला. भाषा बदलून पाहिली. वायर काढून पिना पुसल्या. शेवटी जुनं मशीन, जे कोपऱ्यात खोळ घालून ठेवलं होतं, ते चालू केलं आणि की-बोर्ड त्याला लावला. हिरवी अक्षरं सरसर उमटली. आईच्या तोंडावर उजेड आला. "पाहा, चांगला हाये न माहा!" ती म्हणाली.

आणि तिथंच माझी अक्कल पक्की झाली. की-बोर्ड चांगला आहे, नवं मशीन चांगलं आहे, वायर चांगली आहे. मग दोष राहिला कुणात? नव्या सिस्टीममध्ये. ती जुन्याला ओळखत नाही. क्लासात सर फळ्यावर असंच एकेक खोडून दाखवायचे आणि जे उरेल त्याला गोल करायचे. मीही गोल करून टाकला.

एकच गोष्ट करायची राहिली होती. सर म्हणायचे की कुठलीही वस्तू एकदा उलटी करून बघा, खाली काही लिहिलेलं असतं. मी की-बोर्ड उलटा केला.

त्याच्या पाठीवर, मधोमध, बोटाचं टोक मावेल एवढा एक लांबट खळगा होता. तो खळगा कुंकवाने भरलेला होता. नुसता लागलेला नव्हे, भरलेला. थरावर थर, तुपात कालवलेलं, धुळीने काळपट झालेलं, वरून मात्र अजून लाल. मी आईकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती.

"ते काही नाही," ती म्हणाली. "विश्वकर्माच्या दिवशीचं हाये."

भिलाईत विश्वकर्मा पूजा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. सप्टेंबरात त्या दिवशी इथे लेथपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्या यंत्रांना आंघोळ, हार, कुंकू. आमच्याही वर्कशॉपात मोठी पूजा व्हायची, आणि मग ताट दफ्तरात फिरायचं. मोठे साहेब प्रत्येक मशीनला बोट लावत, त्यांच्यामागे बाबू लोक, घरून सजून आलेल्या त्यांच्या बायका. आई दारापाशी उभी असे. तिला कुणी "पुढे येऊ नका" असं म्हटलेलं नाही. नुसतं ताट तिच्याजवळ आलं की दुसऱ्या बाजूला वळायचं. ती आठ वर्षं ज्या कंप्युटरवर बसली त्याला कुंकू कधी बड्या बाबूंच्या बायकोने लावलं, कधी साहेबांच्या. मग सगळे बुंदी आणि पुरी खायला अंगणात गेले की ती खोलीत यायची, ताटातलं उरलेलं कुंकू बोटावर घ्यायची आणि आपला की-बोर्ड उलटा करायची. हे मला त्या दुपारी तुटक तुटक वाक्यांत कळलं. "वरून लावलं त दिसलं असतं," ती म्हणाली. "आन् खाली टेबलाले पुसल्या जाते. तेवढ्या जागेत बोट बरोबर बसते."

मला राग आला. कुणावर ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या लोकांवर आला, त्यांच्या ताटावर आला, आणि खोटं कशाला बोलू, आईवरही आला. मी कंप्युटर शिकणारी मुलगी, आणि माझी आई लपूनछपून प्लास्टिकला कुंकू लावते. त्याहून जास्त म्हणजे मला लाज वाटली, कुणाला आंघोळ करताना चुकून पाहावं तशी. दहा वर्षांत आईच्या बोटाला कुंकू लागलेलं मी पाहिलं नव्हतं. तिच्या कपाळावर जिथं ते असायचं तिथं एक फिकट ठिपका राहिला होता, तोही आता बुजला होता. मी की-बोर्ड घाईघाईने सुलटा केला. त्या खळग्यात नख घालून बघावं असं मनातसुद्धा आलं नाही. आलं असतं तरी मी घातलं नसतं.

"नाही चालत, आई," मी म्हणाले. "नव्या सिस्टीमला जुना की-बोर्ड चालतच नाही."

"नक्की?"

"नक्की."

सोमवारी मी तेच बड्या बाबूंना सांगितलं, ते वर लिहिलंच आहे. त्यांनी विचारलं नव्हतं. मी आपण होऊन गेले होते, आईला नव्या की-बोर्डची सवय व्हायला थोडे दिवस द्या म्हणायला. पण तोंडून आधी तेवढं शहाणपणच निघालं आणि पुढचं ऐकायला ते थांबले नाहीत. पढ़ी-लिखी मुलगीच म्हणते की जुना की-बोर्ड गेला, मग आता कुणी काय करणार?

परीक्षेत आईला एक पान दिलं होतं. वेळ संपली तेव्हा अर्धं झालं होतं, आणि त्यात अक्षरांच्या रांगा. पुतण्याने पूर्ण पान दिलं. कुणी लबाडी केली नाही, हे मी आजही मान्य करते. लबाडी केली असती तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या सोमवारपासून आई मटकी भरू लागली. पुतण्या त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर. आई चपला काढून आत जायची, त्याच्या टेबलावर ग्लास ठेवायची. तो वाईट माणूस नव्हता, तिला "आंटी" म्हणायचा, आणि ते मला "मराठिन बाई"पेक्षा जास्त टोचायचं. मी दफ्तरात जाणं सोडून दिलं. व्हरांड्यात आता काहीच ऐकू यायचं नाही. जुनं मशीन भंगारात काढलं तेव्हा आईने एवढंच विचारलं की त्याचा की-बोर्ड मी नेऊ का. भंगाराच्या कागदावर त्याची वेगळी नोंदच नव्हती, म्हणून देऊन टाकला. तिने तो त्याच्या खोळीसकट ट्रंकेत ठेवला, बाबांच्या दोन शर्टांखाली. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही. मी मात्र घरात येता-जाता त्या लोकांना शिव्या घालायची, सरकारला घालायची, विंडोजला घालायची. आई म्हणायची, "पुरे झालं वो, जेव आता."

तीन वर्षं गेली. डिप्लोमा संपवून मी सिविक सेंटरमध्येच एका कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागले होते. बिलं करायची, फोन घ्यायचे आणि उरलेल्या वेळात काम शिकायचं. दुकानाचे मालक स्वतः मिस्त्री, शाळा फारशी न शिकलेला पंजाबी माणूस. एक दिवस बोरसीहून एक शाळामास्तर जुना, जाडजूड की-बोर्ड घेऊन आले. नवीन मशीन घेतलं पण हा त्यावर चालत नाही म्हणाले. मी लगेच तोंड उघडलं, "सर, नए सिस्टम पर ये—"

मालकांनी तो माझ्या हातून घेतला, उलटा केला, पाठीवरच्या खळग्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून काहीतरी सरकवलं, टक्. मग लावून दाखवला. चालू. मास्तर दोन बटणं दाबून खूष होऊन गेले. सगळं मिळून अर्धं मिनिट झालं असेल.

"ये क्या किया आपने?" मी विचारलं.

"स्विच है," ते म्हणाले. "पुराने में दो तरह की मशीन चलती थी. एक्स करो तो पुरानी वाली, ए करो तो नई वाली. विंडोज का इसमें कोई लेना-देना नहीं. नीचे लिखा रहता है, लोग देखते नहीं."

मी तब्येतीचं कारण सांगून सुट्टी घेतली आणि सायकल मारत घरी आले. आई ड्यूटीवर होती. ट्रंक उघडली, बाबांचे शर्ट बाजूला केले, की-बोर्ड मांडीवर उलटा घेतला. केसांतली पिन काढली आणि खरवडू लागले. वरचा थर लाल निघाला, खालचे तपकिरी, मग अगदी काळे. माझ्या पांढऱ्या सलवारीवर सगळा चुरा पडला. खाली एक लहानसं पांढरं बटण निघालं, भाताच्या शितापेक्षा थोडं मोठं. एका बाजूला एक्स, दुसऱ्या बाजूला ए. ते एक्सवर घट्ट बसलं होतं. पिनेने ढकललं तर दोनदा सटकली, तिसऱ्यांदा ते सरकलं.

आई आली तेव्हा मी तशीच बसलेली होते. तिने दारातूनच सगळं पाहिलं. मांडीवर उलटा की-बोर्ड, पिन, लाल झालेली सलवार. मला वाटलं होतं की मी तिला काही सांगणार नाही. आता सांगून काय? दीड वर्षाने ती रिटायर होणार होती, खुर्चीवर दुसराच पक्का झाला होता. पण तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "काय निघालं त्यात?" आणि मला खोटं बोलता आलं नाही. मी सगळं सांगितलं, दुकानातल्या अर्ध्या मिनिटासकट.

ती माझ्यासमोर खाली बसली. खळग्यातल्या त्या बटणाला बोट लावलं, इकडून तिकडे सरकवलं, परत जागेवर आणलं.

"म्हंजे मीच बुजवून ठेवलं होतं त," ती म्हणाली.

"नाही आई, मला कळायला पाहिजे होतं. मी उलटा करून पाहिला होता ना. मी खरवडून पाहिलं असतं तर—"

"मंग खरवडलं कावून नाही?"

कुंकू होतं म्हणून, एवढंच उत्तर होतं. तुझं होतं म्हणून. तू ते कुणाच्या देखत लावू शकत नव्हतीस आणि मी ते तुझ्या देखत पुसणार कशी? यातलं एकही वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही, पण माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळलं असावं. ती बराच वेळ माझ्या सलवारीवरचा चुरा चिमटीने गोळा करत होती. मग तो तळहातावर घेऊन उठली आणि मोरीकडे जाता जाता, मागे न पाहता म्हणाली,

"मले म्हणाचं होतं एक डाव. माह्या कपाळाचं पुसलं तेव्हा मी काही म्हटलं का कोनाले? याचं त मी सोताच्या हातानं पुसून देल्लं असतं."